विरामचिन्हे आणि संगणकाची मदतपाने



विरामचिन्हांचा पाठ आपण शाळेत दोन-चार गुणांसाठी करतो आणि पुढे विसरतो. मराठीत ही चिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात, हे स्पर्धा परीक्षावाल्यांना तेवढे पाठ असते! आज आपण पुस्तकातले उदाहरण न घेता संगणकाचे घेऊ.

मोठ्या वेबसाइट आज इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या अनेक संगणकांवर चालतात. त्यालाच क्लाउड म्हणतात. त्यावरचा कारभार सांभाळणारे कुबरनेटिस हे सॉफ्टवेअर गूगलने 2014 मध्ये सर्वांसाठी खुले केले. बिघाड झाला तर काय करायचे, हे सांगणारी त्याची मदतपानेही खुली आहेत. गिटहबवर जाऊन कोणीही त्यात दुरुस्ती सुचवू शकतो. तपासणाऱ्याला जुनी ओळ लाल आणि नवी ओळ हिरवी दिसते. पुष्कळदा दोन्हींत फरक असतो फक्त एका स्वल्पविरामाचा.

एवढ्याशासाठी कशाला खटाटोप, असं वाटेल. मग ही सूचना वाचा :

लॉग बॅकअप फाईल काढून टाका.

यात फाईल एक की दोन? ‘लॉग-बॅकअप फाईल’ लिहिले तर एकच. ‘लॉग, बॅकअप फाईल’ लिहिले तर नोंदीही गेल्या आणि राखून ठेवलेली प्रतही गेली. रात्री दोन वाजता वेबसाइट बंद पडलेली असताना, झोपेतून उठून हे वाचणाऱ्याने अंदाज करायचा का?

आता उलटी बाजू पाहा, ती जास्त महत्त्वाची आहे. बंद पडलेल्या कंटेनरच्या आधीच्या नोंदी पाहायच्या तर आज्ञेत ‘--प्रीव्हियस’ असा पर्याय द्यावा लागतो (प्रत्यक्षात तो रोमन अक्षरांत असतो). सुरुवातीला दोन छोट्या आडव्या रेघा. लेखन-सॉफ्टवेअर आपणहून त्या दोन रेघांची एक लांब रेघ करते. आपल्या भाषेत, संयोगचिन्हे जाऊन अपसारणचिन्ह आले. दिसायला छान! पण ती आज्ञा तशीच उचलून चिकटवली, की संगणकाला तो पर्याय ओळखताच येत नाही. सरळ अवतरणचिन्हे वळणदार केली तरी तोच घोटाळा. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने आधी पाहायचे, की हे चिन्ह माणसासाठी आहे की यंत्रासाठी.

यॅमल नावाच्या फाईलमध्ये तर अपूर्णविरामानंतर मोकळी जागा लागते. ‘नाव: शाळा’ चालते, पण ‘नाव:शाळा’ हा संगणकाला एकच शब्द वाटतो.

पूर्णविरामाचा धडा मात्र मी स्वतःच घेतला. पालकांना दिलेल्या चिठ्ठीत पासवर्ड लिहिला आणि वाक्य संपले म्हणून सवयीने टिंब दिले. संध्याकाळपर्यंत फोनवर फोन, “बाई, उघडतच नाहीये.” त्यांनी ते टिंबसुद्धा टाइप केले होते. चूक त्यांची नव्हती, व्याकरणाने मी बरोबर होते आणि तरी चिठ्ठी चुकली होती. कुबरनेटिसच्या लेखननियमांत अवतरणातल्या मजकुराचे विरामचिन्ह अवतरणाच्या बाहेर ठेवायला सांगितले आहे. ते का, हे मला त्या दिवशी कळले.

करून पाहा : तुमच्या शाळेच्या गटावरची शेवटची सूचना काढा. त्यातला एक स्वल्पविराम हलवा, आणि घरातल्या कोणाला तरी अर्थ विचारा.