हिशेबाचं सॉफ्टवेअर केवढ्याला पडतं?

'टॅली केवढ्याला?' या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. टॅलीप्राइमचं एका संगणकावर चालणारं सिल्व्हर लायसन्स २२,५०० रुपयांना मिळतं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,५५०. दुकानात दोन-चार संगणक एकमेकांना जोडून चालवायचे असतील तर गोल्ड, ६७,५०० अधिक कर, म्हणजे ७९,६५०. (हे दर कंपनी अधूनमधून बदलते, त्यामुळे घेण्याच्या दिवशी संकेतस्थळ उघडून पाहावं.) पण हा झाला आत जाण्याचा खर्च. पुढच्या पाच वर्षांत किती जाणार आणि बाहेर पडायचं झालं तर काय सुटणार, हे विक्रेता आपणहून सांगत नाही. ते आपणच विचारायचं.

त्याआधी, सॉफ्टवेअर घ्यायचंच का? फक्त माल विकणाऱ्याला आपल्याकडे साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नाही. शिवणकाम, शिकवणी, छोटं दुरुस्तीचं दुकान, महिन्याला तीस-चाळीस पावत्या एवढाच व्याप असेल तर रोजमेळाची वही आणि एक्सेलची एक फाइल पुरते. वर्षअखेरीस सीएकडे दोन्ही नेऊन दिलं की झालं. त्यातूनही ग्राहकाला नीटनेटकं बिल द्यायचं असेल तर झोहो बुक्सची फुकट योजना आहे. ती वर्षाला २५ लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्यांसाठी आहे आणि तेवढ्या व्यवसायाला कमी पडत नाही. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असलेल्या दुकानदाराला (मालाच्या व्यापारात मर्यादा दीड कोटी) खरेदीवरच्या कराची वजावट घ्यायची नसते. त्यामुळे जुळवाजुळवीचा मोठा भाग त्याच्या मागे लागत नाही. बिल, उधारी आणि साठा दाखवणारं मोबाइलवरचं 'व्यापार'सारखं ॲप त्याला चालून जातं.

खरा प्रश्न येतो तो नियमित जीएसटी भरणाऱ्या, पाच-सात माणसांच्या धंद्याला. उदाहरणार्थ फरसाणाचा घाऊक विक्रेता. शेकडो दुकानं, रोजची बिलं, परत आलेला माल, थोडी रोख, बरीच उधारी. अशा माणसासाठी पाच वर्षांचा हिशेब मांडून पाहू.

सिल्व्हर विकत घेतलं तर पहिल्या वर्षी २६,५५०. त्यात एक वर्षाची टीएसएस, म्हणजे अद्ययावत आवृत्त्या आणि ऑनलाइन सोयींची वर्गणी, धरलेली असते. दुसऱ्या वर्षापासून ती ४,५०० अधिक कर, म्हणजे ५,३१०. पाच वर्षांचे झाले ४७,७९०. तेच सॉफ्टवेअर भाड्यानं घेतलं तर महिन्याला ७५० अधिक कर, वर्षाला १०,६२०, पाच वर्षांचे ५३,१००. गंमत म्हणजे चौथ्या वर्षाच्या अखेरीस दोन्ही बेरजा अगदी सारख्या येतात: ४२,४८०. धंदा चार वर्षं याच स्वरूपात चालेल अशी खात्री असेल तर विकत घ्यावं. नवी भागीदारी, नवा गाळा, सगळंच अजून अंदाजावर असेल तर भाडं बरं. झोहो बुक्सची स्टँडर्ड योजना वर्षाची रक्कम एकदम भरली तर महिन्याला ७४९ च्या घरात जाते, म्हणजे टॅलीच्या भाड्याइतकीच. तेव्हा 'क्लाउडवालं स्वस्त' हे ऐकीव आहे. क्लाउड घ्यायचं ते घरून, गोदामातून, कुठूनही बिल करता येतं म्हणून. आणि ते घेताना दुकानातलं इंटरनेट दिवसातून कितीदा जातं हे आठवून बघावं.

या सगळ्या रकमांतला १८ टक्के कर नियमित जीएसटीवाल्याला इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतो. त्यामुळे भाव करताना करासहित आकड्यानं दचकू नये. मात्र बिल फर्मच्या नावावर आणि फर्मच्या जीएसटी क्रमांकावरच घ्यावं. मुलाच्या किंवा अकाउंटंटच्या नावावर लायसन्स घेतलं तर हा कर गेला, आणि उद्या अकाउंटंट सोडून गेला तर लायसन्सचा ई-मेल आयडीही त्याच्याबरोबर जातो.

खर्चाची मोठी उडी दुसऱ्या संगणकाला बसते. सिल्व्हरवरून गोल्डवर जायला मधला फरक, ४५,००० अधिक कर, भरावा लागतो. काउंटरवर बिलं करणारा मुलगा आणि आत खरेदीच्या एन्ट्री मारणारा अकाउंटंट, दोघांना एकाच वेळी बसायचं असेल तर हा खर्च टळत नाही. यावर दुकानदारांनी काढलेली पळवाट म्हणजे काउंटरवर वेगळं स्वस्त बिलिंग ॲप आणि आत टॅली. ती चालते, पण रोज रात्री इकडची बिलं तिकडे ओढून घेण्याची जबाबदारी ठरावीक माणसावर टाकली तरच. नाहीतर मार्चमध्ये दोन ठिकाणी दोन विक्री दिसतात.

औषधांच्या वितरकानं मात्र वेगळ्या वाटेनं जावं. बॅच नंबर, मुदत संपण्याची तारीख, स्कीमचा माल, कंपनीकडे परत पाठवायची एक्स्पायरी हे सगळं 'मार्ग'सारख्या त्या धंद्यासाठीच बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असतं. सर्वसाधारण सॉफ्टवेअरला ते शिवून घ्यायला गेलं की प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे, आणि आवृत्ती बदलली की तो बदल पुन्हा करून घेण्याचे पुन्हा पैसे. शक्यतो सॉफ्टवेअर आहे तसं वापरावं, बिलाचा नमुना आपल्याला थोडा वेगळा हवा होता म्हणून पाच हजार घालवू नयेत, असं माझं मत आहे.

उलाढाल वाढली की कायदाही सॉफ्टवेअर बदलायला लावतो. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही वर्षात उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याला व्यापाऱ्याच्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. मग प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर जाऊन क्रमांक आणि क्यूआर कोड घेऊन परत यायला हवं. हे हातानं दिवसाला दोन बिलांसाठी जमतं, चाळीस बिलांसाठी नाही. टॅलीमधून ते थेट करायला टीएसएस चालू लागते. टीएसएस संपली तरी सॉफ्टवेअर बंद पडत नाही, म्हणून पुष्कळ जण ती भरायचं सोडतात आणि ई-इन्व्हॉइसची वेळ आली की धावपळ करतात. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर आणखी एक अट आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे ऑडिट ट्रेल, असावीच लागते आणि ती बंद करता येता कामा नये. प्रोप्रायटर किंवा साध्या भागीदारी फर्मला हा नियम लागू नाही. कुणी 'ऑडिट ट्रेल नाही म्हणून दंड होईल' असं सांगून महागडी आवृत्ती गळ्यात मारत असेल तर आधी सीएला फोन करावा.

क्रॅक केलेल्या टॅलीबद्दल एवढंच: ती फुकट नसते, ती बसवणारा दर खेपेला पाचशे-हजार घेतो आणि डेटा बिघडला की फोन उचलत नाही.

आता सर्वांत मोठा खर्च, जो कुठल्याही कोटेशनमध्ये नसतो: एन्ट्रीचा. पुरवठादाराच्या बिलावर क्रमांक छापलेला असतो 'एसएन/०४१७/२५-२६'. आपला माणूस घाईत नुसतं '४१७' टाकतो. पुरवठादारानं रिटर्नमध्ये पूर्ण क्रमांक दिलेला असतो. महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी, आलं की रक्कम तीच, तारीख तीच, पण सॉफ्टवेअर दोन्ही बिलं वेगळी धरतं. एक 'पुस्तकात आहे, पोर्टलवर नाही' आणि दुसरं 'पोर्टलवर आहे, पुस्तकात नाही'. अशी शंभर बिलं जुळवायला माणूस दोन दिवस घालतो, आणि त्या दोन दिवसांचा पगार लायसन्सच्या वर्षाच्या वर्गणीत कुठेच दिसत नाही. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना मालकापेक्षा एन्ट्री मारणाऱ्याचा शब्द मोठा मानावा. त्याचा हात टॅलीवर बसला असेल तर केवळ पडदा सुंदर दिसतो म्हणून दुसरं घेऊ नये. आणि सीए काय वापरतात ते आधी विचारावं. त्यांच्याकडे टॅली आणि आपल्याकडे भलतंच असेल तर दरवर्षी फाइल बदलून देण्याचा खटाटोप आपल्याच बिलात येतो.

बाहेर पडण्याचा प्रश्न लोक सहसा विचारत नाहीत. क्विकबुक्ससारख्या जगभर नाव असलेल्या सॉफ्टवेअरनं २०२३ मध्ये भारतातला गाशा गुंडाळला, तेव्हा इथल्या वापरणाऱ्यांना ठरलेल्या मुदतीत आपली माहिती उतरवून दुसरीकडे जावं लागलं. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायच्या असतात, कंपनीला हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं. वर्गणी थांबली की जुने हिशेब नुसते पाहता तरी येतील का, सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये निघतील का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारावं.

सॉफ्टवेअर बदलायचंच असेल तर १ एप्रिलला बदलावं. वहीपूजन दिवाळीला करा, लॅपटॉपलाही हळदकुंकू वाहा, पण हिशेबाचं वर्ष तेव्हा बदलत नाही. ऑक्टोबरात उडी मारली तर निम्मं वर्ष एकीकडे, निम्मं दुसरीकडे, आणि ताळेबंद करणारा दोन्ही जुळवत बसतो. नव्या ठिकाणी नेताना पार्टीची नुसती बाकी टाकू नये, बिलवार टाकावी. 'येणे ३,४०,०००' एवढंच लिहिलं आणि मे महिन्यात त्या दुकानदारानं ६२,४०० चा चेक दिला, तर तो कोणत्या बिलापोटी हे कुणालाच सांगता येत नाही. वसुलीला गेलेला माणूस तिथेच अडतो. साठ्याचे नग प्रत्यक्ष मोजून घ्यावेत. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उणे दिसणारा साठा नव्यात तसाच नेण्यात काही अर्थ नाही. जुनं लगेच पुसू नये. निदान एक महिना दोन्हीकडे एन्ट्री मारून विक्रीची बेरीज ताडून पाहावी. तो महिना अकाउंटंटला जास्त बसावं लागतं, त्याचे पैसे आधीच ठरवून द्यावेत.

विक्रेता दाखवायला येतो तेव्हा त्याच्या नमुन्याच्या कंपनीत त्याला फिरू देऊ नये, आपली बिलं पुढे ठेवावीत. एक परीक्षा हमखास घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ ला पाकीटबंद फरसाणावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधी १२ टक्क्यांनी विकलेला माल नंतर परत आला तर क्रेडिट नोट मूळच्या १२ टक्क्यांनीच निघायला हवी, आणि त्याच दिवशीचं नवं बिल ५ टक्क्यांनी. दर तारखेप्रमाणे लावता येत नसेल, हातानं खोडून टाकावा लागत असेल, तर पुढच्या दरबदलाला हाच घोळ होणार. टॅली लायसन्सविना शैक्षणिक पद्धतीतही उघडते, फक्त त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांच्याच नोंदी होतात. सरावाला एवढं पुरतं. एन्ट्री मारणाऱ्याला त्यावर आठवडाभर बसवावं, खरेदीची वीस बिलं, चार परतावे, दोन परत आलेले चेक टाकून बघायला सांगावं, आणि मग भाव करायला बसावं.