राहुलाचा आरसा आणि आपली निवासी शिबिरे

उन्हाळ्याची सुट्टी लागली की ठिकठिकाणच्या विहारांतून श्रामणेर शिबिरांची तयारी सुरू होते. त्रिशरण-पंचशील मुखोद्गत व्हावे, वंदना शुद्ध म्हणता यावी, या हेतूने पालक मुलांना पाठवतात. हेतू चांगलाच आहे. परंतु तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींच्या मनासाठी अशी निवासी शिबिरे काय करू शकतात, याचाही विचार व्हावयास हवा.

हे वय नाजूक. भावना उचंबळून येतात, पण त्यांना आवर घालणारा मेंदूचा पुढील भाग साधारण पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. म्हणून मुले चटकन चिडतात, अबोल होतात, मित्राच्या एका शब्दाने कोलमडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातील दर सातांपैकी एकाला मानसिक विकार जडलेला असतो.

अशा वयात तथागतांनी राहुलाला कसे घडविले, हे अभ्यासण्यासारखे आहे. राहुल लहानपणीच श्रामणेर झाला. नातवाच्या वियोगाने व्यथित झालेल्या शुद्धोदनांनी विनंती केली की, आईवडिलांच्या संमतीवाचून कोणाही मुलाला प्रव्रज्या देऊ नये. भगवंतांनी तसा नियमच घालून दिला. मुलाला घरापासून दूर नेताना घराला विश्वासात घ्यावे, हा पहिला धडा.

दुसरा धडा मज्झिम निकायातील अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्तात आहे. आरसा कशासाठी असतो, असे विचारून भगवान राहुलाला समजावतात की, काया, वाचा व मनाचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर त्याने स्वतःला वा इतरांना अपाय होतो का, हे न्याहाळावे. वागण्या-बोलण्यात चूक झाली असेल तर जाणत्यापुढे ती उघड करावी. यात छडी नाही, धाक नाही. आम्ही बँकेतली माणसे दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय उठत नाही. मनाचा हिशेबही असा रोजच्या रोज व्हावा.

तिसरा धडा महाराहुलोवाद सुत्तातील. पृथ्वीवर काहीही टाकले तरी ती किळस मानत नाही, तसे मन स्थिर करण्यास आणि श्वासावर लक्ष ठेवण्यास तेथे राहुलाला शिकविले आहे.

दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरात या तिन्ही गोष्टींना वाव मिळतो. सर्वांचे मुंडन, सर्वांचे चीवर एकसारखे. त्यामुळे कोणाचा बूट महाग, कोणाचा बाप मोठा, हा भेद गळून पडतो. पहाटे उठणे, दशशील पाळणे, दुपारनंतर न जेवणे यांतून आपणही स्वतःला आवरू शकतो, हा विश्वास येतो. मोबाईल दूर राहतो, झोप वेळेवर होते.

मात्र केवळ पाठांतर आणि प्रवचने झाली, तर मूल जसे आले तसेच परत जाते. म्हणून संयोजकांनी संध्याकाळचा अर्धा तास मुलांच्या बोलण्यासाठी राखावा. त्या वेळी मोठ्यांनी फक्त ऐकावे. मुलींच्या शिबिरात जाणत्या महिला मुक्कामास असाव्यात. घरच्या आठवणीने रडणाऱ्या मुलाची थट्टा होऊ देऊ नये. एखादे मूल जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवीत असेल, तर ध्यानाने बरे होईल म्हणून थांबू नये. पालकांना कळवून त्याला डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो.

उरलेले काम घराचे. शिबिरातून परतलेल्या मुलाला ‘काय काय पाठ केलेस?’ एवढेच विचारू नका. ‘तुला तिथे काय वाटले?’ असेही विचारा. रात्री दहा मिनिटे दूरदर्शन संच बंद ठेवून सर्वांनी एकत्र शांत बसावे. आरसा मुलाच्या हाती देताना आईवडिलांनीही त्यात एकदा पाहावे. घरात रोज शिवीगाळ किंवा दारू असेल, तर दहा दिवसांचे चीवर त्या मुलाला किती दिवस पुरणार?