मराठी कथेतील वेड आणि नियती
(द्वितीय वर्ष, कला)

मराठी लघुकथेत माणसाच्या मनाचा शोध कोणी सुरू केला, या प्रश्नाला बहुधा दिवाकर कृष्ण यांचे नाव उत्तर म्हणून मिळते. त्यांचा 'समाधी व इतर सहा गोष्टी' हा संग्रह १९२७ साली निघाला. तोवर गोष्टीत 'पुढे काय झाले' याला महत्त्व होते. 'मनात काय झाले' याला कथेत जागा मिळाली ती येथून. दुसऱ्या महायुद्धानंतर नवकथा आली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर ही तिची नावे आपण परीक्षेसाठी पाठ करतोच. त्यांपैकी गाडगीळ हे पेशाने अर्थशास्त्राचे प्राध्यापक. पण त्यांच्या पात्रांच्या डोक्यात जमाखर्चासारखे सरळ काहीच नसते. एक विचार अर्धा राहतो, त्यात दुसरा घुसतो, मध्येच लाज वाटते, भीती वाटते. अशी माणसे वेडी नव्हेत. ती आपल्यासारखीच आहेत, आणि हेच वाचताना जरा अस्वस्थ करते.

मला ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ते मात्र जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७). धारवाडला इंग्रजी शिकवणारा हा लेखक सभा-संमेलनांपासून दूर राहिला. 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि प्रकाशन-वर्षावरून वाद निघताच त्यांनी तो परत केला. त्यांच्या कथांत माणसे तुटतात, भ्रमतात, एकटी पडतात, आणि या साऱ्यामागे नियती उभी असते. समीक्षकांनी याचे पुष्कळ कौतुक केले आहे व ते योग्यच आहे. माणसाच्या दुःखाला इतकी उंची मराठी कथेत क्वचितच कोणी दिली असेल.

परंतु नियती हा शब्द ग्रंथालयात वाचणे वेगळे आणि घरात ऐकणे वेगळे. आमच्या घरात मी कॉलेजात आलेला पहिलाच. माझे चुलते, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, नाशिक रोडच्या मालधक्क्यावर माथाडी होते. काही वर्षांपूर्वी त्यांना वाटू लागले की, स्टेशनवरच्या कर्ण्यातून गाड्यांची नव्हे, आपलीच नावानिशी हाक येते. ते रात्री उठून फलाटावर जाऊन उभे राहत. घरात कोणी म्हणाले बाहेरचे आहे, कोणी म्हणाले नशिबाचे भोग आहेत. उतारे झाले, अंगारे झाले, एका भगताकडे दोन अमावास्या झाल्या. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे त्याने गुन्हा ठरवले आहे. आमच्या गल्लीत हे कोणाला ठाऊक नव्हते. वर्ष असेच गेले. मग आत्याने हट्ट धरून त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. आता ते गोळ्या घेतात. हाका अगदी बंद झालेल्या नाहीत, पण 'ती हाक आहे, गाडी नाही' एवढे त्यांना समजते. कामावर मात्र ते पुन्हा गेले नाहीत.

म्हणून 'पिंगळावेळ' (१९७७) मधली 'स्वामी' ही कथा मी निराळ्या तऱ्हेने वाचली. एका साध्या प्रवाशाला मठातली माणसे आदराने ठेवून घेतात, आणि पाहता पाहता तो स्वामीपदाचा कैदी होतो. बंद खोलीत शेवटी त्याला सोबत उरते ती एका वेलीची. या कथेवर जीवनाचा अर्थ, अस्तित्व, मुक्ती असे बरेच बोलता येते. मी ती आजीला वाचून दाखवली. ती शेंगा फोडत होती. गोष्ट संपल्यावर म्हणाली, "मंग त्याला भाईर काढाया कोनीच आलं नाही का रं?" मी म्हटले, नाही. "त्याला घरचं कोनी नव्हतं का?" असे विचारून ती पुन्हा शेंगा फोडू लागली.

आजीचा प्रश्न समीक्षेच्या पुस्तकात बसणार नाही, तरी मला तो महत्त्वाचा वाटतो. कथेत नियती दुःखाला अर्थ देते. घरात तीच नियती दवाखान्यात न नेण्याचे कारण होऊन बसते. यात जी. एं.चा दोष नाही. लेखकाने औषधाची चिठ्ठी लिहावी असे कोण म्हणेल? पण वाचकाने दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. व्हिएन्नाचे व्हिक्टर फ्रँकल यांनी छळछावणीतून सुटल्यावर १९४६ साली जीवनाच्या अर्थाविषयी जगप्रसिद्ध पुस्तक लिहिले. ते आधी मनोरुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर होते, हे आपण विसरतो. अर्थ शोधायला सांगणाऱ्या माणसानेही उपचार सोडला नव्हता.

आपल्या नाशिकच्या वसंत कानेटकरांनी 'वेड्याचं घर उन्हात' (१९५७) हे नाटक लिहिले. त्यात वेड एकट्या माणसाचे राहत नाही, सारे घर त्यात ओढले जाते. कथेपेक्षा नाटकाला हे सोपे जात असावे, कारण रंगमंचावर बाकीची माणसेही उभी असतात. चित्रपटाने तर आणखी पुढे पाऊल टाकले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) मध्ये स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाला बहीण उपचारासाठी घेऊन जाते. आमच्या आत्याने हा चित्रपट पाहिलेला नाही.

कथेकडे मात्र अजून हे राहिले आहे, असे मला वाटते. ग्रंथालयातून या वर्षी मी अशा वीसेक कथा वाचल्या. त्यांत भ्रमिष्ट आहेत, आत्मघात करणारे आहेत, देवाला जाब विचारणारे आहेत. रात्री जेवण झाल्यावर गोळी घेऊन झोपणारे आणि सकाळी उठून चहा मागणारे पात्र मला एकही भेटले नाही.