कोरे रकाने

चि. सोनूस,


पुढच्या सोमवारपासून तू दिव्यांगांसाठीच्या सल्ला हेल्पलाइनवर बसणार, असं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. आनंद झाला. योजना, दाखले, कलमं हे सगळं तुला तिथले लोक शिकवतील, आणि एखादी गोष्ट विसरलीस तरी समोर फाइल असेल. मी लिहितेय ते त्या फाइलमध्ये सहसा नसतं. फोन करणाऱ्याची किती माहिती विचारायची, ती कुठे ठेवायची आणि कोणाला द्यायची नाही, एवढंच. मी इतकी वर्षं याच कामात काढली, म्हणून हक्काने सांगते.

ज्या माहितीवाचून उत्तर अडत नाही, ती विचारूच नकोस. बाकी सगळं पत्र या एका वाक्याचा विस्तार आहे.

फोनवर काय विचारतात ते बघ. दिव्यांगांच्या यूडीआयडी ओळखपत्रासाठी अर्ज कुठे करायचा? मुलाला परीक्षेत लेखनिक मिळेल का, आणि जादा वेळ किती? (तासाला किमान २० मिनिटं.) सरकारी नोकरीत आरक्षण किती? (४ टक्के, उच्च शिक्षणात ५.) यातल्या एकाही प्रश्नाला नाव लागत नाही, गाव लागत नाही, आधार तर नाहीच नाही. प्राप्तिकराचंच घे. जुन्या करप्रणालीत दिव्यांग व्यक्तीला ७५,००० रुपयांची वजावट मिळते आणि अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० ची. म्हणजे तुला विचारायचंय ते एवढंच, "दाखल्यावर ऐंशीच्या आत आहे की ऐंशी किंवा वर?" अपंगत्व कोणतं, कधीपासून, कशामुळे, हे विचारण्याचं तुला काही कारण नाही. तरीही रजिस्टरात रकाना छापलेला असतो, आणि रकाना दिसला की हात आपोआप विचारायला लागतो. छापखान्याने रकाना छापला म्हणून माहिती गरजेची होत नाही.

पण खरी अडचण याच्या उलट आहे. तू विचारलं नाहीस तरी लोक सांगतील. फोन उचलल्या उचलल्या आधार नंबर, मग यूडीआयडीचा अठरा आकडी-अक्षरी क्रमांक, मग ऑपरेशन कधी झालं, सासरच्यांनी काय केलं. का सांगतात, ठाऊक आहे? त्यांना सवय लावलेली असते. सिव्हिल हॉस्पिटलात दाखल्याच्या वैद्यकीय बोर्डाच्या दिवशी पन्नास लोकांसमोर नाव आणि व्यंग एका दमात पुकारलं जातं. तहसीलच्या खिडकीवर, एसटीत, शाळेच्या ऑफिसात, प्रत्येक ठिकाणी आधी स्वतःला उलगडून दाखवायचं आणि मग हक्काचं मागायचं. ज्याच्या पायाला काही झालेलं नाही त्याला आपला पाय कोणाला दाखवावा लागत नाही, हे आपल्या लक्षातही येत नाही. आपल्या हेल्पलाइनवर तरी हा हिशेब आधी मागितला जाऊ नये, असं मला फार वाटतं.

म्हणून अशा माणसाला थांबवायचं, पण तोडायचं नाही. "काका, नंबर आत्ता राहू द्या, लागला तर मी मागेन. आधी अडचण काय झाली ते सांगा." एवढं पुरतं. त्यांनी ओघात बाकीचं सांगितलं तर ऐकून घे. ऐकणं तुझं कामच आहे. ऐकलेलं सगळं लिहायला मात्र हवं असं नाही.

नाव-गाव लागतंच अशा वेळाही येतात. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करायची असेल तर निनावी तक्रार पुढे रेटता येत नाही. तेव्हा आधी सांगायचं: हे कशासाठी घेतेय, कोणाकडे जाईल, आणि नंतर नको वाटलं तर मागे कसं घेता येईल. त्यांनी "हो" म्हटलं, की त्या कामापुरतं घ्यायचं. दुसऱ्या कामासाठी पुन्हा विचारायचं. तक्रारीसाठी दिलेला नंबर मेळाव्याच्या निमंत्रणासाठी वापरला तर तो विश्वासघातच, मग मेळावा कितीही चांगला असो.

आता व्हॉट्सअ‍ॅप. इथे सगळ्यात जास्त गळती होते, आणि होते ती चांगुलपणापोटी. "ताई, दाखल्याचा फोटो पाठवतो, बघून सांगा." तू तुझा स्वतःचा नंबर देऊ नकोस. दिलास, तर तो दाखला तुझ्या गॅलरीत, तिथून बॅकअपमध्ये आणि एखाद्या रात्री भाच्याला कार्टून लावून दिलंस की त्याच्या बोटाखाली. ऑफिसचाच फोन वापरायचा, फोटो आपोआप सेव्ह होण्याची सोय बंद ठेवायची, काम झालं की चॅटमधूनही आणि फोनमधूनही काढून टाकायचं. आधारची प्रत लागलीच तर शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क केलेली प्रत मागायची. ती मिळते, हे बहुतेकांना माहीत नसतं. ते सांगणं हाही सल्लाच. आणि "कोणाला याबद्दल काही माहिती आहे का?" असं म्हणत दाखल्याचा फोटो कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर टाकायचा नाही. प्रश्न टाक, दाखला नको.

पुढचा भाग नीट वाच, कारण इथे माया आडवी येते. फोन करणारा आणि ज्याचा प्रश्न आहे तो, ही पुष्कळदा दोन वेगळी माणसं असतात. आई, भाऊ, नवरा, शेजारचा मुलगा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सज्ञान दिव्यांग माणसाला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता मान्य केली आहे. त्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे, तीही त्या माणसाच्या मर्जीचा विचार करून, दोघांनी मिळून निर्णय घेण्यापुरती. म्हणजे तीस वर्षांच्या बाईचा भाऊ फोन करून "तिने काल तुम्हाला फोन केला होता ना? काय म्हणाली?" असं विचारतो, तेव्हा तो भाऊ आहे एवढ्यावर त्याला उत्तर मिळत नाही. "हो" म्हणायचं नाही, "नाही" सुद्धा म्हणायचं नाही. आज "नाही" म्हणालीस आणि उद्या "ते सांगता येणार नाही" म्हणालीस, तर उद्याचं उत्तर "हो" होऊन बसतं. रोज एकच वाक्य: "कोणाचा फोन येतो, कोणाचा नाही, हे आम्ही कोणालाच सांगत नाही. तुमचा आला होता हेही सांगणार नाही." शेवटच्या भागावर बरेचसे भाऊ गप्प होतात.

उलट फोन करतानाही हेच. घरात एकच मोबाइल असतो, तो दुपारी सासूकडे, संध्याकाळी नवऱ्याकडे. म्हणून पहिल्याच बोलण्यात विचारून ठेव: या नंबरवर परत फोन केला तर चालेल का, कधी, दुसऱ्या कोणी उचलला तर काय म्हणू? मेसेज पाठवणं सुरक्षित आहे का? ही चार वाक्यं विचारायला मिनिट लागत नाही. न विचारता केलेल्या एका फोनने घरात काय होऊ शकतं, ते मला पत्रात लिहायचं नाही.

अंध माणसाचा फोन स्वतःच मोठ्याने बोलतो, हे लक्षात घे. तू मेसेज पाठवलास तर तो स्टँडवरच्या बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाऊ शकतो. म्हणून मेसेजमध्ये निदान, टक्केवारी काही लिहायचं नाही. "तुम्ही विचारलेली माहिती मिळाली, फोन करा" इतकंच. बहिऱ्या माणसासाठी नुसता फोन म्हणजे बंद दार. त्याला गल्लीतल्या पोराच्या तोंडून आपली घटस्फोटाची गोष्ट सांगावी लागते, ती त्या पोराला कळते आणि मग गल्लीला. त्यासाठी लिहून बोलण्याची आणि सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह व्हिडिओ कॉलची सोय हवी, आणि दुभाष्यालाही गुप्ततेचं बंधन हवं. तुमच्याकडे ती सोय नसेल तर मागत राहा. त्याला सुविधा म्हणतात, पण माझ्या मते तो गोपनीयतेचाच भाग आहे.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीचे शब्द कधीकधी पहिल्यांदा कळत नाहीत. त्या क्षणी तोंडून निघतं, "आईला फोन देतेस का जरा?" नको. ती कदाचित आईबद्दलच बोलायला फोन करत असेल. "मला कळलं नाही, पुन्हा सांग, मला वेळ आहे." तिसऱ्यांदा कळतं. नाही कळलं तर लिहून पाठवायला सांग. तिचं गुपित तुझ्या घाईमुळे फुटू नये.

गुप्ततेला हद्द आहे, आणि ती फोन करणाऱ्याला आधी ठाऊक हवी. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर मुलांच्या संरक्षणासाठीच्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं हा गुन्हा आहे. जीव धोक्यात असेल तरी गप्प बसता येत नाही. मानसिक त्रासात असलेल्याला टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सांग, पण नंबर फेकून मोकळी होऊ नकोस. तो लावून देते, चालेल का, असं विचार. बोलणं गंभीर वळणावर जातंय असं वाटलं की तिथेच सांगायचं, "एक गोष्ट सांगते, असं-असं असेल तर मला दुसऱ्यांना कळवावं लागेल. बाकी सगळं आपल्यात." सगळं ऐकून झाल्यावर ही हद्द दाखवणं म्हणजे फसवणूक. सज्ञान दिव्यांग बाईवर अत्याचार होत असेल तर २०१६ च्या कायद्याच्या ७ व्या कलमाखाली कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो. तिथे मात्र आधी तिला काय हवंय ते विचारायचं.

कायद्याचं थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या २२ व्या कलमात दिव्यांगांची वैयक्तिक, आरोग्याची आणि पुनर्वसनाची माहिती इतरांच्या बरोबरीने जपण्याचं वचन आहे. भारताने तो २००७ मध्ये स्वीकारला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. मग २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात, आणि मुख्य बंधनं टप्प्याटप्प्याने. काम संपलं की माहिती पुसायची, चोरीला गेली तर ज्याची त्याला कळवायचं, हे त्यात आहे. दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, म्हणून संस्थांचे विश्वस्त सध्या घाबरलेले दिसतात. घाबरू देत. त्याच कायद्याच्या नवव्या कलमात कायदेशीर पालक असलेल्या दिव्यांग माणसाला लहान मुलांच्या रांगेत बसवलंय, संमती पालकाची. दिव्यांग चळवळीतल्या लोकांनी यावर आक्षेप घेतला आणि तो मला पटतो. पालक नेमलेला असला तरी फोनवर बोलताना संमती आधी त्या माणसाला विचारायची. कायद्याने ती पुरेशी नसेल, पण विचारायला कायद्याने मनाई केलेली नाही.

देणगीदार "यशोगाथा" मागतात. "नाव बदललं आहे" लिहिलं की झालं, असं सगळ्यांना वाटतं. नाव हा ओळखीचा सगळ्यात छोटा भाग असतो. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत; त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आहेत, अ‍ॅसिड हल्ल्यातल्या पीडिता आहेत, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्ती आहेत. यातलं एक नाव घे, पुढे तालुका लाव, "बी.एस्सी.ला असलेली" म्हण, आणि त्या तालुक्यात विचार, चहाच्या टपरीवर कोणीही घर दाखवेल. पुढच्या महिन्यात तिचं स्थळ मोडतं आणि का मोडलं ते कोणी सांगत नाही. अहवालात आकडे द्यावेत, जिल्ह्याच्या खाली जाऊ नये, आणि ज्या रकान्यात एक-दोनच माणसं पडतात तो दुसऱ्या रकान्यात मिसळून टाकावा. गोष्ट हवीच असेल तर जिची आहे तिला छापण्याआधी वाचून दाखवावी, नुसती "देऊ का?" म्हणून परवानगी घेऊ नये.

याद्या मागणारेही येतील. श्रवणयंत्र विकणारा मोफत तपासणी शिबिराचं नाव सांगेल. निवडणुकीच्या तोंडावर कोणी व्हीलचेअर वाटणार असेल, त्याला प्रभागातल्या "लाभार्थ्यांची" यादी आणि फोटोसाठी वेळ हवी असेल. ही माणसं वाईटच असतात असं नाही, कधीकधी व्हीलचेअर खरोखर चांगली असते. आपण त्यांचं पत्रक घ्यायचं आणि ज्यांना उपयोग होईल त्यांना कळवायचं. ज्याला हवं तो स्वतः त्यांना फोन करेल. माहिती आपल्याकडून बाहेरच्या दिशेने जाते ती योजनांची, माणसांची नाही. तुझ्या साहेबांना हा नकार जड गेला तर त्यांना सांग, संस्थेचं नाव याच नकारावर टिकतं.

शेवटी घरचं. काही फोन तुझ्याबरोबर घरी येतील. जेवताना तुझी आई विचारेल, "आज काय झालं गं?" आणि तिला खरंच काळजी असेल. तिला तुझं सांग: दमलेय, रडू आलं, राग आला. त्यांचं सांगू नकोस. आपलं गाव लहान आहे, आणि तुझ्या आईच्या मैत्रिणी तिच्याहून हुशार आहेत. मन फारच भरून आलं तर तुझ्या पर्यवेक्षकाशी नाव न घेता बोल, त्यासाठीच ते असतात. बसमध्ये, सहकारणीशी फोनवर, हळू आवाजातही नको.

पहिल्या दिवशी तिथे दोन प्रश्न विचार: जुनी रजिस्टरं कुठे आहेत, आणि ती कधी नष्ट करतात? "कपाटात आहेत, कुलूप हरवलंय" असं उत्तर आलं तर तुझं पहिलं काम ठरलं. आणि फोनचं रेकॉर्डिंग होतं का, होत असेल तर ते फोन करणाऱ्याला सुरुवातीलाच मराठीत सांगतात का, हेही बघ.

रविवारी येशील तेव्हा तुमच्या नोंदणीचा कोरा फॉर्म घेऊन ये. भरलेला आणू नकोस. दोघी बसून त्यातले कोणते रकाने काढता येतील ते बघू, आणि जेवायला थालीपीठ आहे.

तुझी,
मावशी