चि. अभिजितला: धुळीत बाळगायच्या हत्याराविषयी

सातारा



तुझे पत्र पोचले. परवाना मंजूर झाला, आता पिस्तूल घ्यावे की रिव्हॉल्व्हर, आणि रेंजवरच्या सरावाला व कमरेला लावायला एकच हत्यार चालेल का, असे तू विचारले आहेस. दुकानदाराने दाखवलेल्या पिस्तुलाचे फोटोही पाहिले. दिसायला देखणे आहे. पण माझ्या नोकरीतली बरीच वर्षे पलटणीच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, हत्यारे देण्याघेण्यात आणि तपासण्यात गेली. हत्यार कुठल्या हवेत वावरणार आणि ते साफ कोण करणार, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय कुठले चांगले हे मी कुणालाही सांगत नाही. तुझ्या बाबतीत दोन्ही उत्तरे मला ठाऊक आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कायद्याने काय मिळते ते डोक्यात पक्के कर. सैन्याकडे आणि पोलिसांकडे असते ते ९ मिमी पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, तुझ्यासारख्या परवानाधारकाला ते मिळत नाही. तुझ्यासाठी मुख्यतः .३२ बोअर आणि .२२ बोअर. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात. म्हणजे एक निवड चुकली की अर्धा हक्क अडकून पडतो. परदेशी हत्यारांची आयात सामान्य माणसासाठी १९८० च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे कुणी जुने विलायती रिव्हॉल्व्हर अव्वाच्या सव्वा भावाने गळ्यात मारू पाहील. ते घेऊ नकोस. पन्नास-साठ वर्षे कुणाच्या कपाटात कसे पडून होते हे आपल्याला कळायला मार्ग नसतो, आणि स्प्रिंगचे वय बाहेरून दिसत नाही.

आता तुझी हवा. तू तासगावचा बागायतदार. बागेत गंधकाची भुकटी आणि मोरचुदाची फवारणी, बेदाण्याच्या कामात गंधकाची धुरी, उन्हाळ्यात खानापूर-आटपाडीच्या रस्त्यांची पिठासारखी धूळ, आणि हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात तुझी ये-जा. यातली प्रत्येक गोष्ट पोलादाची वैरी आहे, पण प्रत्येकीचे वैर निराळे. रस्त्याची धूळ खरवडते. हळदीची पूड तेलात मिसळली की लुकणासारखा लगदा होऊन बसते आणि फटीतून निघता निघत नाही. गंधकाची धुरी सगळ्यांत वाईट, कारण ती हवेतल्या दमटपणाशी मिळून आम्ल बनते आणि एका रात्रीत नळीच्या तोंडावर तांबूस ठिपके उठवते. मोरचूद ओल्या पोलादावर पडला तर तोही धातू खातो. तेव्हा पहिली गोष्ट लिहून ठेव: धुरी चालू असताना हत्यार घेऊन तिथे जायचे नाही आणि फवारणीच्या कपड्यांवर ते लावायचे नाही. हा नियम पाळलास तर पुढचे अर्धे प्रश्न उरत नाहीत.

पिस्तूल धुळीत कुठे अडते, हे लोक चुकीच्या जागी शोधतात. त्यांना नळीची आणि स्लाइडची काळजी, पण बिघाड बहुतेक वेळा मॅगझिनमध्ये असतो. २००३ नंतर इराकमध्ये अमेरिकन सैनिकांची बेरेटा पिस्तुले अडू लागली, तेव्हा शोधताना दोष सापडला तो एका पुरवठादाराच्या मॅगझिनच्या आतल्या खरबरीत मुलाम्यात. बारीक वाळू त्यात धरून राहायची आणि काडतूस वर सरकायचेच नाही. पुढे गुळगुळीत मुलाम्याची मॅगझिने दिली आणि तक्रारी कमी झाल्या. आपल्याकडे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचे .३२ चे ‘अशनी’ पिस्तूल मिळते. त्याच्या काडतुसाला आणखी एक खोड आहे. त्याच्या बुडाची कडा अंगापेक्षा किंचित बाहेर असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि ऐन वेळी पिस्तूल गप्प बसते. रोज मॅगझिन रिकामे करून, पुसून, नीट भरणाऱ्या माणसाला हे पिस्तूल साथ देते. तू तसा माणूस आहेस का? छाटणीच्या आणि तोडणीच्या दिवसांत तू दोन वेळचे जेवणही धड घेत नाहीस, असे ताई सांगते.

रिव्हॉल्व्हरला धूळ लागत नाही असा समज आहे, तो खोटा. सिलिंडर आणि चौकट यांच्यामधली फट कागदाएवढी असते. त्यात वाळूचा कण शिरला तर सिलिंडर फिरायला जड जातो, आणि चाप ओढताना बोट थांबते. काडतुसे बाहेर ढकलणारी चांदणी असते, तिच्याखाली न जळलेल्या दारूचा एखादा दाणा बसला तरी सिलिंडर पूर्ण मिटत नाही. पण फरक असा, की रिव्हॉल्व्हरचा बिघाड आधी कळतो. संध्याकाळी काडतुसे काढून, नळी सुरक्षित दिशेला धरून, सिलिंडर हाताने हळू फिरवलास की कुठे खरखरते ते बोटाला लागते. एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचे समोर येते. ज्याच्याकडे साफसफाईला वेळ कमी आणि धूळ जास्त, त्याला मी रिव्हॉल्व्हरच सांगतो.

कानपूरचे जुन्या घडणीचे .३२ रिव्हॉल्व्हर मध्यात मोडून उघडते. उघडताच चांदणी आपोआप वर येते आणि सगळी काडतुसे एकदम निघतात. सोयीचे आहे, पण हात ढिला पडला तर रिकामी टरफले चांदणीखाली घसरून अडकतात, आणि ती काढायला नख पुरत नाही. २०१४ साली आलेले ‘निर्भीक’ टायटॅनियम मिश्रधातूचे, अर्ध्या किलोच्या आसपास, पर्समध्ये मावेल असे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कानपूरहून ‘प्रबल’ आले, त्याचा सिलिंडर बाजूला झुलतो. वजन काडतुसांशिवाय सुमारे ७०० ग्रॅम. वेब्ली-स्कॉटच्या नावाचे .३२ रिव्हॉल्व्हरही आता उत्तर प्रदेशातल्या संडीला येथे बनते. तुझ्यासाठी मी बाजूला झुलणाऱ्या सिलिंडरच्या बाजूने आहे. चौकट एकसंध राहते, काडतुसांची सहाही घरे उजेडात डोळ्यांसमोर येतात, ब्रश सरळ आत जातो आणि चांदणीखालची घाण दिसते. वजनाला भिऊ नकोस. कमरेला जड वाटणारे हत्यार हातात स्थिर राहते.

दुकानात घेताना घाई करू नकोस. रिकामे आहे याची खात्री करून चाप सावकाश ओढ आणि घोडा शेवटापर्यंत गेल्यावर सिलिंडर जागच्या जागी पक्का बसतो का, हलतो का, ते सहाही घरांवर पाहा. नळीत उजेड धरून आतल्या आट्यांच्या कडा स्वच्छ दिसतात का ते बघ. काडतुसे मात्र हत्यारावर लिहिलेलीच. .३२ च्या पिस्तुलाची आणि .३२ च्या रिव्हॉल्व्हरची काडतुसे वेगळी असतात. पिस्तुलाचे काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात शिरते म्हणून काही शहाणे तेच वापरतात. त्याचा दाब जास्त असतो. आपल्या खडकीच्या कारखान्याची काडतुसे मिळतात, तीच योग्य प्रकारची बघून घे.

आता रेंजचे. तू एकाच हत्यारात दोन्ही कामे पाहतोस, ते मला पटत नाही. परवान्यावर वर्षाला मिळणारी काडतुसे मोजकी असतात आणि .३२ चा भाव तुला माहीत आहेच. त्यावर हात बसणार नाही. सराव .२२ वर आणि एअर पिस्तुलावर कर, तोही मान्यताप्राप्त रायफल क्लबमध्ये, क्लबच्या हत्यारावर. क्लबच्या परवानगीने अधूनमधून स्वतःच्या रिव्हॉल्व्हरने काडतुसांचा एखादा डबा तिथे मार, म्हणजे त्याचा आवाज आणि धक्का नवा राहणार नाही. आपल्या शेजारी कोल्हापूर आहे. तिथल्या नेमबाज राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले, नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिचा खेळ बघ. त्या प्रकारात ६० गोळ्या असतात. पहिल्या तीस शांतपणे, पुढच्या तीस अशा, की हात खाली तिरपा धरलेला, निशाण फक्त ३ सेकंद समोर येते, तेवढ्यात हात उचलून एकच गोळी मारायची. मग ७ सेकंदांनी पुन्हा. स्वसंरक्षणाला याहून चांगली तालीम मला माहीत नाही, कारण ती घाईतसुद्धा चाप सरळ मागे ओढायला शिकवते. बागेत डाळिंबाच्या खोडावर किंवा विहिरीच्या काठावर नेम धरायचा विचारही करू नकोस. लग्नात, वरातीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असे २०१९ पासून कायद्यात स्पष्ट आहे. आणि वर गेलेली गोळी कुणाच्या तरी अंगणात उतरतेच.

साफसफाईचे नीट वाच. आपल्याकडे लोक तेल ओततात. धुळीत हत्यार कोरडे असलेले बरे. राजस्थानात आम्ही हत्यारावरचे तेल पुसून काढायचो आणि घासणाऱ्या जागीच तेलाचे पुसट बोट फिरवायचो, कारण ओले तेल वाळू धरते. पहिल्या महायुद्धात आपल्या सातारा भागातले गडी मेसोपोटेमियाच्या धुळीत लढले.  त्या काळीही रायफलच्या बोल्टवर कॅनव्हासची झाकणे बांधायची पद्धत होती. धुळीवर पहिला उपाय झाकण, मग चिंधी, आणि तेल सगळ्यांत शेवटी. म्हणून होल्स्टर वरून झाकणारा घे, नळीचे तोंड आणि चापाची कडी दोन्ही झाकली गेली पाहिजेत. कापडी किंवा प्लास्टिकचा चालेल. चामड्याचा दिसतो छान, पण पावसाळ्यात तो पाणी धरून ठेवतो, आणि चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवलेली पितळी काडतुसे हिरवी पडतात. घरी आल्यावर हत्यार होल्स्टरमधून बाहेर काढायचे, हा नियमच. बाहेर पडण्याआधी सिलिंडर झुलवून सहा घरे बघायची, नळीत डोकावून उजेड दिसतो का पाहायचे, मगच काडतुसे भरायची.

हे मी का एवढे घोटतो ते सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा सांगलीतल्या एका परिचिताचे रिव्हॉल्व्हर कपाटासकट पाण्यात होते. पूर ओसरल्यावर त्यांनी ते पुसले, तेल लावले, पुन्हा कपाटात ठेवले. वरून नव्यासारखे. परवानाधारक दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर बाजूची पट्टी उघडली, तर आत काळा गाळ वाळून पापुद्र्यासारखा बसला होता, घोड्याच्या स्प्रिंगभोवती गंज आणि नळीत चिखलाचा खडा. तसेच चाप ओढला असता तर नळी फुगली असती किंवा हातात फुटली असती. पाण्यात गेलेले हत्यार उघडून तपासल्याशिवाय झाडायचे नाही. भिजलेली काडतुसे वाळवून वापरायची नाहीत, ती पोलीस ठाण्याला कळवून रीतसर जमा करायची.

आणखी दोन गोष्टी, ज्या तू विचारल्या नाहीस. परवान्यावर हत्यार कुठल्या प्रदेशात नेता येते ते लिहिलेले असते. द्राक्षाच्या व्यवहारासाठी तू विजापूरला जातोस. म्हैसाळ ओलांडून कागवाडला पोचलास की कर्नाटक लागले. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर त्या हद्दीपलीकडे तू गुन्हेगार ठरशील. निवडणूक आली की हत्यार ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघू शकतो. तेव्हा पावती घे आणि परत घेताना पुन्हा नळी तपास, कारण तिथे ते महिना-दोन महिने पडून असते. घरात बाळ आहे. हत्यार भिंतीत ठोकलेल्या लोखंडी पेटीत, काडतुसे वेगळ्या कुलपात, किल्ली तुझ्याकडे आणि फक्त तुझ्याकडे. दाजींनाही नको. राग नको मानू, परवाना तुझ्या नावाचा आहे.

दुसरी गोष्ट मोकळेपणाने. तू हत्यार मागितलेस ते मजुरांच्या उचलीची आणि पगाराची रोकड घेऊन रात्री येतोस म्हणून. ती रोकडच कमी करता येईल का, हे आधी बघ. टोळीच्या मुकादमाचे आणि बायांचे खाते आहे, मोबाइल आहे. पैसे थेट तिथे गेले तर रात्रीचा तो रस्ताच टळतो. हत्यार काढायची वेळ आली तर तीन सेकंद मिळतात, आणि त्या तीन सेकंदांत कुणी मरू शकते, तूही. कमरेला रिव्हॉल्व्हर आहे म्हणून जो निर्धास्तपणे आडवाटेने जातो, तो रिव्हॉल्व्हर नसलेल्या सावध माणसापेक्षा जास्त धोक्यात असतो.

माझे मत सांगायचे तर: बाजूला झुलणाऱ्या सिलिंडरचे .३२ रिव्हॉल्व्हर घे, झाकणाचा होल्स्टर घे, सराव क्लबच्या .२२ वर कर, पिस्तुलाचा नाद सोड. दुसऱ्या हत्याराची जागा सध्या रिकामी ठेव. पण पैसे देण्याआधी एकदा साताऱ्याला ये. येताना परवान्याची झेरॉक्स आण, त्यावर प्रदेश काय आणि काडतुसांची मर्यादा किती लिहिली आहे ते मला वाचायचे आहे.

ताईला आणि दाजींना नमस्कार, बाळाला गोड पापा.

तुझा,
मामा