हेडक्वार्टर : लातूर

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, औषध कंपनीत एम.आर. (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह) म्हणून उभी नोकरी काढली. हेडक्वार्टर लातूर, फिरती औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, अंबाजोगाई. बढती चालून आली तेव्हा त्यांनी नको म्हणून कळवलं. मॅनेजर झालं की डॉक्टरांशी बोलणं संपतं आणि पोरांच्या मागे आकड्यांसाठी लागणं सुरू होतं, असं त्यांचं म्हणणं. ते गेले तेव्हा घरी भेटायला डॉक्टर आलेच, पण कंपाउंडर, मेडिकलवाले, स्टॉकिस्टकडचे दिवाणजी त्यांहून जास्त आले. मीही विक्रीतच आहे, ठिबकचे संच विकते. माझ्याकडे या धंद्यातलं जे काही आहे, ते त्यांचं आहे.

१. डॉक्टरच्या आधी मेडिकल.
गावात एस.टी.तून उतरले की अण्णा आधी मेडिकलच्या काउंटरपाशी जाऊन उभे राहत. कुणाच्या चिठ्ठीवर काय येतंय, काय संपलंय, कशाच्या पट्ट्या कपाटात धूळ खात पडल्यात, सगळं तिथे कळतं. डॉक्टरने औषध लिहिलं आणि दुकानात मालच नसला, तर पेशंट दुसरं काहीतरी घेऊन जातो. मीसुद्धा आधी कृषी सेवा केंद्रात बसते, शेतावर नंतर जाते.

२. आपल्या मालाचं उणं आपणच सांगायचं.
नव्वदच्या दशकात सिप्रोफ्लॉक्सासिन जोरात चालायचं. अण्णांच्या बॅगेत सिप्रो होतं आणि अँटासिडही होतं. दोन्ही एकाच चिठ्ठीवर आली तर विक्री दुप्पट. पण अँटासिडमधलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम सिप्रोला धरून ठेवतं, मग ते रक्तात पुरेसं उतरतच नाही. “साहेब, आधी सिप्रो, अँटासिड निदान दोन तासांनी,” हे अण्णा कुणी न विचारता सांगायचे. औषधासोबतच्या माहितीपत्रकात ही ओळ बारीक अक्षरात असते. ते तिच्यावर बोट ठेवून दाखवत. निलंग्याच्या बाजूच्या एका तरुण डॉक्टरांनी हे ऐकून सिप्रोसोबत अँटासिड लिहिणंच सोडलं. अँटासिडचा खप पडला आणि अण्णांना वरून बोलणी बसली. तेच डॉक्टर पुढे नवीन औषध बाजारात आलं की अण्णांच्या खेपेची वाट बघायचे.

३. बसून राहणं हे कामच आहे.
पेशंट संपल्याशिवाय एम.आर.ला आत घेत नाहीत. एप्रिल-मेच्या उन्हात टाय लावून दवाखान्याच्या बाकावर बसायचं. अण्णा तिथे पेपर वाचत नसत. आज जुलाबाचे पेशंट किती, तापाचे किती, ते बघत, कंपाउंडरशी बोलत. त्यांची डायरी आता माझ्याकडे आहे. एका पानावर निळ्या शाईत डॉक्टरांची ओपीडीची वेळ आणि ऑपरेशनचे वार. खाली पेन्सिलीने : ‘कंपाउंडर – आईचा डावा डोळा, मोतीबिंदू. पुढच्या खेपेला विचारणे.’ शाईतलं सहसा बदलत नसे. पेन्सिलीतलं मात्र ते दर खेपेला खोडून नव्याने लिहीत, म्हणून त्या जागी कागद पार झिजलाय. मला त्यांच्या सगळ्या कमाईत हे पान मोठं वाटतं.

४. महिनाअखेरीला माल मारायचा नाही.
टार्गेट कमी पडलं की वरून फोन येई, स्टॉकिस्टच्या गळ्यात माल घाला. कंपनीच्या कागदावर ती विक्री दिसते. पण माल पेशंटच्या हातात पडेपर्यंत विकलाच गेलेला नसतो. गोदामात पडून राहतो आणि एक्सपायरी होऊन परत येतो. अण्णा बोलणी खात, माल मारत नसत.

५. नियम मोडायचा तर उघड मोडायचा.
३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातुरात आम्ही अंगणात आलो. उजाडल्यावर अण्णांनी घरातली सगळी सॅम्पलं काढली. अँटिबायोटिक, वेदनाशामक, मलमं, सगळं खोक्यांत भरून मिळेल त्या गाडीने ते औशाच्या रस्त्याला लागले. सॅम्पल म्हणजे यादीतल्या डॉक्टरला, ठरलेल्या संख्येत द्यायची वस्तू. तिचा हिशेब द्यावा लागतो. खोटी नावं भरून हिशेब जुळवणं सोपं होतं. अण्णांनी त्या दिवसाच्या रिपोर्टात सरळ लिहिलं : ‘सर्व सॅम्पल किल्लारीत, मदतीला आलेल्या डॉक्टरांच्या हवाली.’ खाली सही.

६. नेमणुकीचं पत्र मागून घ्यायचं.
अण्णा युनियनचे पक्के सभासद होते. कायदा एम.आर.ला कामगार मानत नव्हता तो काळ त्यांनी जुन्या सहकाऱ्यांकडून ऐकलेला. काढून टाकलं तर दाद मागायची कुठे, हाच प्रश्न. संघटनांनी लढून १९७६ चा सेल्स प्रमोशन एम्प्लॉइज कायदा मिळवला, तेव्हा नेमणुकीचं पत्र आणि रजा हा हक्क झाला. मला नोकरी लागली तेव्हा पगार किती ते अण्णांनी नंतर विचारलं. आधी म्हणाले, “पत्र दिलं का? आण इकडे.” मग चष्मा लावून फिरतीचा भत्ता, रजा, नोटिशीची मुदत असं एकेक कलम त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं, आणि भत्त्याचं कलम मोघम आहे, ते उद्या लेखी मागून घे, म्हणाले. मी मागितलं. मिळालं.