मिनीच्या पिल्लांविषयी

पुणे

चि. गौरी हिस,


तुझ्या पगचा, मिनीचा व्हिडिओ दोनदा पाहिला. सोफ्याच्या कडेवर हनुवटी टेकून ती बसल्या बसल्या झोपते, तोंडात चेंडू तसाच धरून. तुला ते गोड वाटलं, मला काळजी वाटली. ज्या पगच्या घशातून हवा नीट जात नाही त्याचा श्वास आडवं झालं की अडकतो, म्हणून तो बसून झोपायला शिकतो. दातांत चेंडू असला की जबडा उघडा राहतो आणि तोंडाने श्वास घेता येतो. हा तिने स्वतःपुरता शोधलेला उपाय आहे. आता तिच्या नाकपुड्या जवळून बघ. तिथे मोकळी भोकं दिसायला हवीत. व्हिडिओत तरी मला नुसत्या चिरा दिसल्या.

पलीकडच्या सोसायटीतल्या नराशी तिचं मेटिंग करावं का, असं तू विचारलंस. करू नकोस. नुसतं 'नको' म्हणून पत्र संपवलं असतं, पण तुला पुढे कुत्र्यांच्या पैदाशीचं काम मनापासून करायचं आहे असं तुझी आई म्हणाली, म्हणून सविस्तर लिहितो.

'पग म्हटलं की घोरणारच' हे तू पन्नास जणांकडून ऐकशील. पण पग मुळात असा नव्हता. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली आपल्या पगसकट स्वतःचं चित्र काढलं. ते लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये आहे, इंटरनेटवरही सापडेल. त्यातल्या कुत्र्याचं मुस्कट चांगलं पुढे आलेलं आहे. पुढे माणसाला चपटा चेहरा आवडला आणि पिढ्यान्‌पिढ्या चपट्या चेहऱ्याच्याच जोड्या लावल्या गेल्या. कवटी आखूड झाली, पण आतली मऊ टाळू त्या मानाने आखडली नाही. ती घशात येते आणि वाट अडवते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, अंगातली उष्णता तो धापा टाकूनच बाहेर काढतो. नागपूरच्या मे महिन्यात ज्याला धापही धड टाकता येत नाही, त्याचं काय होत असेल याचा विचार कर. हा त्रास माणसाच्या निवडीतून आला आहे, आणि पुढची निवड तुझ्यासारख्यांच्या हातात आहे.

२००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग आला आणि आपल्याकडे जो तो पग मागू लागला. पिल्लं भराभर विकली जाऊ लागली. आई-बाप तपासून मगच जोडी लावणारी माणसं त्या मानाने फार थोडी होती. त्याचे परिणाम आम्ही डॉक्टरांनी टेबलावर पाहिले.

तपासणी अवघड नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या साहाय्याने ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१९ मध्ये एक पद्धत सुरू केली. घशावर स्टेथोस्कोप ठेवून श्वास ऐकायचा, कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं, पुन्हा ऐकायचं आणि शून्य ते तीन अशी श्रेणी द्यायची. तीन आली तर त्याची पैदास करायची नाही. नराच्या मालकाने तुला केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) कागद दाखवले म्हणतेस. त्या कागदांवरून वंशावळ कळते, श्वास कळत नाही. गुडघेही कळत नाहीत. त्या नराला मोकळं चालताना बघ. चार पावलं मागचा एक पाय उचलून लंगडी घातल्यासारखा चालला आणि पुन्हा काही झालंच नाही असा पळू लागला, तर गुडघ्याची वाटी सरकत असण्याची शक्यता आहे. लहान जातींत हे फार आढळतं आणि पिल्लांत उतरतं. आणि दोघांचा बाप एकच नाही ना, एवढं तरी त्या कागदांवर नक्की तपास.

'एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, नाहीतर मादी आजारी पडते' हे शेजारच्या काकूंचं म्हणणं खरं नाही. बाळंतपणाने तब्येत सुधारते याला काही आधार नाही. उलट गर्भाशयात पू होण्याचा धोका ते काढून टाकल्यानेच जातो. पगच्या पिल्लांची डोकी मोठी असतात, त्यामुळे पुष्कळदा सिझेरियन करावं लागतं. ते पार पडलं तरी निर्धास्त होता येत नाही. दोन-तीन आठवड्यांनी, पिल्लं जोरात दूध ओढू लागली की लहानखुऱ्या आईच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं. ती अस्वस्थ होते, पाय ताठरतात, अंग थरथरतं, ताप चढतो. अशा मादीच्या शिरेत आम्ही थेंब थेंब कॅल्शियम सोडतो आणि दुसऱ्या हाताने छातीवर स्टेथोस्कोप धरून ठोके मोजत राहतो, कारण घाई झाली तर हृदयच थांबतं. पोटुशी असताना लोक प्रेमाने कॅल्शियमचं सिरप पाजतात, त्याने हा धोका वाढतो. हे तुझ्या मैत्रिणींनाही सांग.

कायदाही माहीत असू दे. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार पैदास करून पिल्लं विकायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय मेटिंग नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही, जन्मात पाचाच्या वर नाही. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. आपल्याकडे पाचव्या आठवड्यातच पिल्लू हातात ठेवतात आणि 'लहानपणीच लळा लागतो' असं सांगतात. त्या वयात ते आई-भावंडांकडून किती जोरात चावायचं, कधी थांबायचं हे शिकत असतं. ते हिरावून घेऊ नये.

'मग ही जातच बंद करायची का?' असं तू विचारशील. नॉर्वेत कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलबद्दल हाच प्रश्न न्यायालयात गेला. हृदयाच्या झडपेचा विकार आणि डोक्यात मावत नाही असा मेंदू ही या जातीची दुखणी. २०२२ मध्ये ऑस्लोच्या न्यायालयाने तिची पैदास प्राणी कल्याण कायद्याचा भंग ठरवली आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच मान्य केलं. निरोगी जातीशी संकर करून सुधारणा करायची वाट मोकळी ठेवली. मला ते पटतं. पगवर प्रेम असेल तर लांब मुस्कटाची, मोकळ्या नाकपुड्यांची जोडी शोध, आणि नाहीच मिळाली तर थांब. चांगल्या ब्रीडरच्या आयुष्यात न लावलेल्या जोड्या लावलेल्या जोड्यांपेक्षा जास्त असतात.

पुढेमागे खरंच पिल्लं झाली, तर नेणाऱ्याला लेखी दे की कोणत्याही वयात सांभाळता आलं नाही तर कुत्रं तुझ्याकडेच परत येईल. दहा वर्षांनी, आंधळं झालेलं असलं तरी. तेवढी जागा आणि तेवढा पैसा आहे का, हे मेटिंगच्या आधी घरात बसून ठरवा.

सध्या मिनीकडे बघ. तिचं वजन उतरव, चरबीने घसा आणखी आवळतो. गळ्यातला पट्टा काढून हार्नेस घाल आणि उन्हं चढायच्या आत फिरवून आण. नाकपुड्या रुंद करण्याची शस्त्रक्रिया करता येते का ते डॉक्टरांना विचार. जमत असेल तर त्याच भुलीत गर्भाशयही काढून घ्यावं. आधी त्यांना मला एक फोन करायला सांग. अशा कुत्र्याच्या श्वासनलिकेतली नळी ते पूर्ण शुद्धीवर येऊन डोकं वर धरेपर्यंत काढायची नसते, आणि त्या दिवशी तिच्याजवळ कोण बसणार हे मला ठरवून घ्यायचं आहे.

तुझा,
मामा